वांगावरील चिठ्ठीची क्रीम सुरक्षितपणे कशी वापरावी: बेळगाव सीमाभागातील वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातील औषधाच्या दुकानांत वांगाची क्रीम मागायला येणाऱ्या अनेकांच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी नसते. जावेने किंवा शेजारणीने दिलेली, शेवटापर्यंत गुंडाळत आणलेली रिकामी ट्यूब असते, नाहीतर मोबाइलमध्ये तिचा फोटो असतो. काउंटरवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे मुख्यतः हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड या तीन औषधांच्या एकत्रित क्रीमविषयी आहेत, कारण सर्वांत जास्त चालते ती हीच आणि सर्वांत जास्त चुकीची वापरली जाते तीही हीच. निदान करणे आणि औषध लिहून देणे हे काम डॉक्टरांचे आहे. लिहून दिल्यावर घरी काय करायचे, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

चेहऱ्यावरचा प्रत्येक काळा डाग म्हणजे वांगच का?

नाही. वांग बहुधा दोन्ही गालांवर साधारण सारखे उमटतात. कपाळ, नाकाचा दांडा, वरचा ओठ आणि हनुवटी येथेही दिसतात. रंग तपकिरी असतो, त्यांना खाज नसते आणि खवले येत नाहीत. मान आणि कानशिलाकडची त्वचा मखमलीसारखी जाड व काळपट झाली असेल, तर ते बहुतेकदा वाढलेल्या वजनाशी आणि मधुमेहाच्या शक्यतेशी जोडलेले असते. तेथे क्रीमपेक्षा रक्तातील साखरेची तपासणी अधिक उपयोगाची. केसांच्या कडेने, कपाळाच्या वरच्या भागात काळेपणा येत असेल, तर केसांच्या काळ्या रंगाची किंवा तेलाची ॲलर्जी शोधावी लागते. मुरूम फोडल्यानंतर राहिलेले डाग हा आणखी वेगळा प्रकार. म्हणून पहिली ट्यूब विकत घेण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांनी चेहरा एकदा प्रत्यक्ष, चांगल्या उजेडात पाहिलेला असावा. डॉक्टर कन्नडभाषक असतील आणि बोलताना अडत असेल, तर ‘बंगु’ एवढा शब्दही पुरतो.

वांग कशाने येतात? पोटातली उष्णता किंवा यकृताचा दोष हे कारण असते का?

घरोघरी असे समजले जाते खरे, पण नेहमीच्या वांगामागे यकृताचा आजार नसतो आणि ‘रक्त शुद्ध’ करणाऱ्या काढ्यांनी ते जात नाहीत. त्वचेतील रंगपेशी गरजेपेक्षा जास्त रंगद्रव्य तयार करू लागतात, हे मूळ. त्यांना चेतवणारी मुख्य गोष्ट ऊन, आणि त्या जोडीला संप्रेरकांतील बदल: गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या. आई किंवा बहिणीला वांग असतील तर शक्यता वाढते. पुरुषांनाही ते होतात; शेतात, बांधकामावर किंवा उसाच्या ट्रॅक्टरवर दिवस काढणाऱ्यांत ते दिसतात.

आपल्या भागाबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि हवा बराच काळ थंड असते. त्यामुळे ऊन अंगाला लागत नाही, म्हणून ते त्वचेलाही लागत नसेल, असा समज होतो. रंगपेशींना चेतवणारे अतिनील किरण मात्र उष्णतेवर अवलंबून नसतात. डिसेंबरच्या कोवळ्या वाटणाऱ्या दुपारीही ते पोहोचतात आणि खानापूरकडच्या ढगाळ पावसाळ्यातही काही प्रमाणात पोहोचतातच. चुलीपुढची किंवा भट्टीपुढची सततची धगही वांग वाढवू शकते.

या क्रीममध्ये नेमके काय असते?

तीन औषधे असतात आणि तिघांची कामे वेगळी आहेत. हायड्रोक्विनोन रंगद्रव्य तयार होण्याची प्रक्रिया मंदावते. ट्रेटिनॉइन हे जीवनसत्त्व ‘अ’च्या कुळातले औषध आहे, ते त्वचेच्या वरच्या थराची उलाढाल वाढवते आणि हायड्रोक्विनोनला आत शिरायला मदत करते. या दोघांमुळे होणारी जळजळ आवरण्यासाठी स्टेरॉइड घातलेले असते. असे त्रिकूट १९७५ साली अमेरिकेतील क्लिगमन आणि विलिस यांनी प्रथम मांडले. पुढे २००२ साली तेथे मान्यता मिळालेल्या क्रीममध्ये हायड्रोक्विनोन ४ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०५ टक्के आणि फ्लुओसिनोलोन हे सौम्य स्टेरॉइड ०.०१ टक्के होते.

भारतात मोठ्या प्रमाणावर विकल्या जाणाऱ्या ट्यूबमध्ये बरेचदा हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के आणि मोमेटासोन ०.१ टक्के असते. वाचताना वाटते की पहिले दोन घटक निम्म्यावर आले, म्हणजे ही क्रीम सौम्य झाली. प्रत्यक्षात यातले स्टेरॉइड फ्लुओसिनोलोनच्या त्या प्रमाणापेक्षा जास्त तीव्र आहे. चेहऱ्याच्या पातळ त्वचेवर नुकसान करते ते बहुधा हेच स्टेरॉइड, आणि म्हणूनच ट्यूब हातात घेतल्यावर नावापेक्षा आधी मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचावीत. ‘मोमेटासोन’, ‘फ्लुओसिनोलोन’, ‘बेटामेथासोन’, ‘क्लोबेटासोल’ यांपैकी काहीही दिसले, तर ती स्टेरॉइडची क्रीम आहे असे समजावे. शेवटच्या दोघांना वांगाच्या उपचारात नेहमीचे स्थान नाही.

दुकानात तर चिठ्ठीशिवाय मिळते. मग इतकी काळजी कशाला?

मिळते हे खरे, आणि ते आमच्याच व्यवसायाला शोभत नाही हेही खरे. चेहऱ्यावर स्टेरॉइड लावून बिघडलेल्या रुग्णांची संख्या पाहून देशातील त्वचारोगतज्ज्ञांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड औषधे ‘शेड्यूल एच’मध्ये स्पष्टपणे आणली. म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच ती विकायची आहेत. खोक्यावर ‘आरएक्स’ हे चिन्ह आणि तशी सूचना छापलेली असते. अमेरिकेतही २०२० पासून हायड्रोक्विनोनची क्रीम चिठ्ठीविना विकता येत नाही.

कोल्हापूर, मिरज किंवा गोव्यातील डॉक्टरांची चिठ्ठी इकडे चालते का?

चालते. औषधांचा कायदा केंद्राचा आहे आणि राज्याच्या सीमेवर तो बदलत नाही. चिठ्ठीवर डॉक्टरांचे नाव, नोंदणी क्रमांक, तारीख आणि औषध किती दिवस वापरायचे हे वाचता येईल असे असावे. अडचण कायद्याची नसून पुन्हा दाखवायला जाण्याची असते: मिरजेला एकदा जाऊन आलेली व्यक्ती तीच चिठ्ठी पुढे वर्षभर चालवते. दर वेळी एवढा प्रवास जमणार नसेल, तर पुढच्या तपासण्या बेळगावातच करून घेता येतील का, हे पहिल्या भेटीतच विचारून ठेवावे.

क्रीम लावण्याची योग्य पद्धत कोणती?

ही क्रीम दिवसातून एकदाच आणि रात्रीच लावायची असते. डॉक्टरांनी ‘एक दिवसाआड’ असे लिहिले असेल तर तसेच. वारंवार लावल्याने डाग लवकर जात नाहीत, त्वचा मात्र लवकर सोलवटते.

सुरुवात करण्याआधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडी क्रीम लावून २४ तास पाहावे. तेथे फोड, सूज किंवा तीव्र खाज आली तर चेहऱ्यावर लावू नये. किंचित लाली येणे एवढे चालते. ज्यांना दमा आहे किंवा सल्फाइटची ॲलर्जी आहे, त्यांनी हे डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण अशा क्रीममध्ये टिकाऊपणासाठी सल्फाइट असू शकते.

रात्री सौम्य फेसवॉशने चेहरा धुवावा, घासू नये. पंचाने किंवा मऊ टॉवेलने टिपून कोरडा करावा आणि पंधरा-वीस मिनिटे तसाच ठेवावा, कारण ओलसर त्वचेवर ट्रेटिनॉइन अधिक झोंबते. त्यानंतर क्रीम बोटाच्या टोकावर घ्यावी. संपूर्ण चेहऱ्यालासुद्धा मटाराच्या दाण्याएवढी पुरते. दोन गालांवरचेच वांग असतील तर त्याच्या निम्मी पुष्कळ झाली. ती डागावर आणि डागाच्या कडेने साधारण एक सेंटिमीटरपर्यंत पातळ पसरावी, म्हणजे डाग फिका होताना भोवती वेगळी कडा उमटत नाही. पांढरा थर दिसत असेल तर क्रीम जास्त झाली. पापण्या, डोळ्यांखालचा भाग, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठांच्या कडा टाळाव्यात. झोपण्याच्या निदान अर्धा तास आधी लावावी. नाहीतर ती उशीच्या अभ्र्याला आणि तेथून डोळ्यांना लागते. हात धुवायला विसरू नये, विशेषतः त्यानंतर तान्ह्या बाळाला घ्यायचे असेल तर.

चेहरा कोरडा पडत असेल तर साधे, सुगंधरहित मॉइश्चरायझर चालते. सकाळी चेहरा धुऊन सनस्क्रीन लावावे.

किती दिवस वापरायची?

फरक साधारण चौथ्या आठवड्यापासून दिसू लागतो आणि तीन औषधांच्या मूळ क्रीमचा सलग वापर आठ आठवड्यांपर्यंत मर्यादित ठेवलेला आहे. मोमेटासोनच्या क्रीमसाठी अनेक डॉक्टर त्याहून कमी मुदत देतात. आपल्या चिठ्ठीवर जो काळ लिहिला असेल तो शेवटचा धरावा. लिहिलेलाच नसेल, तर फोन करून विचारून घ्यावा आणि तारीख ट्यूबच्या खोक्यावर पेनाने टाकावी. ट्यूब संपेपर्यंत लावायची, हा हिशोब येथे लागू पडत नाही.

आमच्या मते या औषधाच्या बाबतीत सर्वांत जास्त दुर्लक्षिलेली गोष्ट हीच आहे. क्रीम कधी सुरू करायची हे सर्वांना ठाऊक असते, पण कधी थांबवायची हे फार थोड्यांना सांगितलेले असते. पहिल्या महिन्यात चेहरा उजळतो, नातेवाईक विचारू लागतात, घरात लग्न ठरलेले असते, आणि मग तीच ट्यूब रोजच्या स्नो-पावडरच्या शेजारी आरशापुढे कायमची जाऊन बसते. डॉक्टर सहसा डाग फिके झाल्यावर स्टेरॉइड काढून घेतात आणि ॲझेलेइक ॲसिड, कोजिक ॲसिड किंवा नायासिनामाइड यांसारख्या स्टेरॉइडविरहित औषधांवर नेतात. तो बदल करून घेण्यासाठीची भेट चुकवू नये.

जळजळ होते, साल निघते. थांबवावी का?

पहिल्या एक-दोन आठवड्यांत थोडी लाली, कोरडेपणा आणि बारीक साल निघणे अपेक्षित असते. अशा वेळी एक-दोन रात्री खंड देऊन एक दिवसाआड लावल्याने बहुधा निभावते, डॉक्टरांना कळवावे. चेहरा सुजणे, पाण्याचे फोड येणे, डोळ्यांभोवती सूज, अंगभर गांधी उठणे किंवा श्वासाला त्रास यांपैकी काही झाले तर क्रीम ताबडतोब धुऊन टाकावी आणि दवाखाना गाठावा.

जास्त काळ वापरल्यास काय होते?

स्टेरॉइडमुळे त्वचा पातळ होते, गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागतात, तोंडाभोवती पुरळ येते, मुरूम उठतात आणि लव वाढते. क्रीम एक दिवस चुकली तरी चेहरा लाल होऊन भाजल्यासारखा वाटतो. मग ती पुन्हा लावली की शांत वाटते, आणि माणसाला वाटते की क्रीम आपल्याला मानवते. ही सवय लागलेली त्वचा आहे. असे झाले असेल तर स्वतःहून एकदम थांबवून सहन करत बसण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ती सोडवावी. सुधारायला काही महिने लागू शकतात. डोळ्यांजवळ दीर्घकाळ स्टेरॉइड लागत राहिल्यास काचबिंदू किंवा मोतीबिंदूचा धोका असतो.

हायड्रोक्विनोनचा स्वतःचा एक वेगळा दोष आहे. वर्षानुवर्षे, विशेषतः उन्हात वावरताना ते लावत राहिल्यास काही जणांच्या गालांवर निळसर-करडा काळेपणा येतो. डाग गडद होत आहेत असे पाहून ते आणखी क्रीम लावतात आणि काळेपणा आणखी वाढतो. तो काढणे मूळ वांगापेक्षा कितीतरी अवघड असते. क्रीम लावूनही डाग काळवंडू लागले, तर तो क्रीम वाढवण्याचा नव्हे, बंद करण्याचा संकेत आहे.

रात्री क्रीम लावतो, मग दिवसा सनस्क्रीन खरेच लागते का?

लागते, आणि दोन्हींपैकी एकाचाच खर्च परवडत असेल तर आधी सनस्क्रीन घ्यावे, असे आम्ही सांगतो. उन्हापासून बचाव नसेल तर रात्री कमावलेले दिवसा जाते. शिवाय ट्रेटिनॉइनमुळे त्वचा उन्हाला अधिक हळवी झालेली असते. एसपीएफ ३० किंवा अधिक आणि ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ असे लिहिलेले असावे. तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीएवढ्या दोन रेघा चेहरा व मानेसाठी लागतात. बहुतेक जण याच्या निम्मेही लावत नाहीत. बाहेर असल्यास दोन ते तीन तासांनी पुन्हा लावावे. वांगाला साधा दृश्य प्रकाशही वाढवतो, त्यामुळे आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन मिळाले तर अधिक चांगले. खिडकीच्या काचेतून अतिनील किरणांचा काही भाग आत येतो, म्हणून बसच्या खिडकीशी रोज तासभर बसणाऱ्यांनीही ते लावावे.

भात लावणीला किंवा तंबाखूच्या शेतात दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईने दर दोन तासांनी हात धुऊन सनस्क्रीन लावावे, हा सल्ला कागदावरच राहतो, याची आम्हाला कल्पना आहे. तिच्यासाठी रुंद काठाची टोपी, तिच्याखाली गालांवर ओढून घेतलेला सुती पदर, सकाळी निघताना आणि जेवणाच्या सुटीत असे दोनदा सनस्क्रीन, एवढे जमले तरी पुष्कळ होते. तेही ज्या हंगामात शक्य नसेल, त्या हंगामात ट्रेटिनॉइनची क्रीम सुरूच करू नये आणि सुगी संपल्यावर उपचार घ्यावा, असे डॉक्टरांशी मोकळेपणाने ठरवता येते.

गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना वापरावी का?

गरोदरपणात वापरू नये. ट्रेटिनॉइन या औषधाच्या कुळातील गोळ्या गर्भाला घातक असल्याचे सिद्ध आहे, आणि हायड्रोक्विनोन त्वचेतून बऱ्याच प्रमाणात शरीरात शोषले जाते. मूल हवे असेल तर तसे डॉक्टरांना आधी सांगावे. क्रीम चालू असताना दिवस गेल्याचे कळले तर ती लगेच थांबवून कळवावे, घाबरून जाऊ नये. गरोदरपणातले वांग बाळंतपणानंतर काही महिन्यांत पुष्कळदा आपोआप फिके होतात. तोपर्यंत सनस्क्रीन, आणि डॉक्टरांनी दिल्यास ॲझेलेइक ॲसिड. अंगावर पाजणाऱ्या आईनेही विचारल्याशिवाय वापरू नये.

इतर कोणत्या औषधांची माहिती डॉक्टरांना द्यावी?

गर्भनिरोधक गोळ्यांची, कारण त्या वांगाचे कारण असू शकतात. पण त्या स्वतःहून बंद करू नयेत. रक्तदाबासाठीच्या, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या आणि डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविके त्वचेला उन्हाबाबत हळवी करतात. मुरमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड चालू असेल तर ते हायड्रोक्विनोनसोबत लावू नये. त्वचेवर तात्पुरते गडद डाग पडतात. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या वांगासाठी दिल्या जातात, पण रक्ताच्या गुठळ्या होण्याचा इतिहास असलेल्यांना त्या चालत नाहीत. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर त्या मुळीच घेऊ नयेत.

लिंबू, हळद, पार्लर आणि यात्रेतला भंडारा यांचे काय?

लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून नवे काळे डाग पडतात. खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट यांनी त्वचा चिडते, आणि चिडलेली सावळी त्वचा काळी पडते. क्रीम चालू असताना ब्लीच, स्क्रब आणि फेशियल टाळावे. वरच्या ओठावर वॅक्सिंग करायचे असेल तर ट्रेटिनॉइन काही दिवस आधी बंद ठेवावे लागते, नाहीतर मेणाबरोबर त्वचाही निघते. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाऊन भंडारा लावून घेण्यात काही वावगे नाही. सोललेल्या गालांवर मात्र तो चोळू नये, कपाळावर बोटभर लावावा आणि घरी आल्यावर धुवावा.

बाजारात सुटी मिळणारी, नाव नसलेली ‘आठ दिवसांत गोरे’ करणारी क्रीम कशी असते?

घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता आणि बॅच क्रमांक नसलेली क्रीम घेऊ नये. अशा काही क्रीममध्ये तीव्र स्टेरॉइड तर काहींत पारा सापडलेला आहे. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनी अलीकडच्या वर्षांत गोरेपणाच्या क्रीम वापरणाऱ्या रुग्णांत मूत्रपिंडाचा आजार नोंदवला आणि त्याचा संबंध पाऱ्याशी लावला. अशी क्रीम वापरत असताना पायांवर, चेहऱ्यावर सूज आली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर क्रीम सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे.

वांग गेले होते, उन्हाळ्यात परत आले. औषध खोटे होते का?

औषध खोटे नव्हते. वांग दाबता येतात, त्यांची प्रवृत्ती मुळातून काढता येत नाही, आणि मार्च ते मे या काळात ते उसळणे नेहमीचे आहे. पुन्हा क्रीम सुरू करायची की स्टेरॉइडविरहित औषधावर भागवायचे, हे डॉक्टर ठरवतील. मधला विश्रांतीचा काळ किती झाला, हे त्यांना सांगावे.

मागच्या वर्षीची अर्धी ट्यूब उरली आहे. वापरू का?

टोपण उघडून तोंडाशी पाहावे. क्रीम तपकिरी झाली असेल तर हायड्रोक्विनोन हवेने बिघडले आहे, ती टाकून द्यावी. रंग ठीक आणि मुदत शिल्लक असली तरीही विचारूनच वापरावी. ठेवताना खोक्यावर लिहिलेले तापमान पाळावे, टोपण घट्ट लावावे आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवू नये. दुसऱ्या कोणाला ती देऊ नये. मुलीच्या मुरमांना किंवा मुलाच्या गजकर्णालाही नाही, कारण स्टेरॉइडने गजकर्णाची खाज काही दिवस थांबते आणि चट्टे मात्र आतल्या आत पसरत राहतात.